स्विमिंग पूल साफ केला की पंधरा दिवसांत परत हिरवा? आधी टॅबलेटचा डबा बाजूला ठेवा

मार्च लागला की नागपुरात घरोघरी कूलर निघतात, अन् ज्यांच्याकडे पूल आहे त्यांच्याकडे हा प्रश्न निघतो. बेसा, वर्धा रोड, काटोल रोडकडची फार्महाऊसं, सगळ्यांचं रडगाणं एकच, "भाऊ, परवाच तर साफ केला, पाणी एकदम निळं झालं होतं, अन् आज पाहतो तर भिंतीला पुन्हा हिरवं." मग कोणी सांगते मोरचूद टाका, कोणी सांगते तुरटी फिरवा, कोणी दुकानातून अल्जीसाईडची, म्हणजे शेवाळ मारायच्या औषधाची, कॅन उचलून आणते, पैसे जातात, काही दिवस बरं दिसते अन् पुन्हा तेच.

एखाद वेळी हिरवा झाला तर ठीक आहे, लाईट गेली असेल, पंप बंद पडला असेल, तुम्ही लग्नाला गावी गेले असाल. पण सारखा सारखा होऊन राहिला असेल तर माझ्या मते कारणं दोनच. एक तर मागच्या वेळी शेवाळ पूर्ण मेलंच नव्हतं, नाही तर पाण्यात क्लोरीन आहे पण ते काम करून नाही राहिलं. घरगुती पुलात बहुतेक वेळा दोन्ही सोबतच असतात, अन् दोन्हीवर अल्जीसाईड हा इलाज नाही.

सुरू करायच्या आधी एवढं पाहून घ्या की हे शेवाळच आहे ना. आपल्याकडे बरेच पूल बोअरच्या पाण्यावर भरतात अन् काही बोअरला लोखंड असते, त्या पाण्यात क्लोरीन पडलं की पाणी हिरवट-तपकिरी होते, माणूस घाबरून अजून क्लोरीन टाकतो अन् रंग अजून चढतो. पांढऱ्या बादलीत पुलाचं पाणी घ्या. आरपार स्वच्छ असून रंग तेवढा हिरवट असेल तर ते धातूचं काम आहे, लोखंड किंवा आधी टाकलेल्या मोरचुदाचं तांबं. पाणी गढूळ अन् भिंत बुळबुळीत असेल तर शेवाळ. बोअरवर शंका असेल तर दुसऱ्या बादलीत बोअरचं ताजं पाणी घेऊन झाकणभर हायपो (पातळ क्लोरीन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराईट) टाकून ठेवा, पिवळं-तपकिरी झालं की समजून जा. मे महिन्यातली आंधी पण फसवते, तळाला पिवळट थर बसतो अन् लोक त्याला शेवाळ समजतात. धूळ तळाच्या खोलगट जागी बसते, शेवाळ उभ्या भिंतीला धरते, त्यातही सावलीच्या बाजूला, शिडीच्या मागं, पायऱ्यांच्या कोपऱ्यात.

आता मुद्द्यावर येऊ. तुम्ही पुलात रोज काय टाकता? बहुतेक जण म्हणतात, तरंगणाऱ्या डबीत टॅबलेट ठेवतो, बस. ही टॅबलेट म्हणजे टीसीसीए ९०, सोपी, मोजायची कटकट नाही, उन्हाळ्यात खराब होत नाही, म्हणून सगळ्यांना आवडते. पण त्यात क्लोरीनसोबत सायन्युरिक ॲसिड पण येते, त्यालाच स्टॅबिलायझर म्हणतात. हे उन्हापासून क्लोरीनला वाचवते, त्यामुळं थोडं पायजेच, अजिबात नसलं तर आपल्या उन्हात सकाळी टाकलेलं क्लोरीन दुपारपर्यंत खतम. ३० ते ५० पीपीएम (लिटरमागं तेवढे मिलिग्रॅम) असलं की काम होते. अडचण अशी की क्लोरीन खर्च होऊन जाते अन् सायन्युरिक तिथंच राहते. ते वाफेसोबत उडत नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, उन्हानं जळत नाही. मे महिन्यात पाणी उडते, तुम्ही वरून भरता, ते पाण्यात आहे तेवढंच राहते.

हिशोब करून पाहा. टीसीसीएनं १० पीपीएम क्लोरीन दिलं की सोबत साधारण ६ पीपीएम सायन्युरिक आलं. उन्हाळ्यात रोजचे ३ पीपीएम क्लोरीन धरा, मार्च ते मे ९० दिवस, म्हणजे २७० पीपीएम क्लोरीन अन् त्याच्यामागं १६० च्या वर सायन्युरिक. थोडं बॅकवॉशमध्ये, म्हणजे फिल्टर उलट्या पाण्यानं धुताना, जाते, थोडं पोरं उड्या मारून बाहेर काढतात, तरी शंभरच्या वर आरामात पोहोचते. अन् सायन्युरिक जितकं जास्त तितकं क्लोरीन त्यानं धरून ठेवलेलं. मोटा हिशोब असा की शेवाळ येऊ द्यायचं नसेल तर फ्री क्लोरीन, म्हणजे अजून वाया न गेलेलं क्लोरीन, सायन्युरिकच्या किमान साडेसात टक्के पायजे. सायन्युरिक ३० असेल तर २-३ पीपीएमवर भागते, तेच १५० झालं की किमान ११ लागते. तुमचा किट ३ दाखवून राहिला, पूलवाला म्हणतो क्लोरीन बरोबर आहे, तुम्ही पण पाहता तर बरोबर आहे, दोघांपैकी कोणी खोटं बोलत नाही, अन् भिंत तरी हिरवी. एप्रिलपर्यंत बरा चालणारा पूल मे मध्ये अचानक ऐकेनासा होतो तो यामुळंच, अन् लोक उन्हाला शिव्या देतात.

म्हणून पहिलं काम म्हणजे सायन्युरिक मोजा. घरोघरी जो दोन नळ्यांचा किट असतो, एकीत पिवळं अन् एकीत लाल, त्यात हे मोजता येत नाही. त्याची वेगळी टेस्ट मिळते, पाण्यात रिएजंट टाकलं की पाणी दुधाळ होते अन् नळीच्या तळचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ते ओतायचं, तिथला आकडा वाचायचा. पट्ट्या पण मिळतात, त्या अंदाजालाच बऱ्या, पण ४० आहे का १५० एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. अन् त्या पिवळ्या नळीबद्दल पण सांगतो, ती ओटीओवाली असते, ती टोटल क्लोरीन दाखवते, म्हणजे कामाचं अन् वाया गेलेलं दोन्ही मिळून. शक्य असेल तर डीपीडी किट घ्या, त्यात फ्री वेगळं कळते. फक्त क्लोरीन खूप जास्त असलं की डीपीडीचा गुलाबी रंग उडून जातो अन् शून्य असल्यासारखं वाटते, तेव्हा पुलाच्या पाण्यात तेवढंच साधं पाणी मिसळून मोजायचं अन् आकडा दुप्पट करायचा, रंग तरी उडत असेल तर अजून पातळ करायचं.

सायन्युरिक ७०-८० च्या वर निघालं तर शॉक मारण्यात, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन टाकून शेवाळ मारण्यात, पैसे घालू नका, आधी पाणी बदला. दुसरा सोपा रस्ता नाही. पाणी अर्धं काढून नवीन भरलं की १२० चं ६० होते, सरळ गणित. भर उन्हाळ्यात अर्धा पूल पाणी काढायला जीव होत नाही, खरं आहे, बोअर पण तेव्हाच दम टाकते, तर थोडं-थोडं काढा. पण पूल पूर्ण रिकामा करू नका, खास करून पावसाळ्यात अन् त्याच्यानंतर. जमिनीत पाणी वर आलेलं असते, आपली काळी माती फुगलेली असते अन् आतलं वजन गेलं की बाहेरचा दाब पुलाला उचलतो किंवा तडे पाडतो, फायबरचा पूल तर पूर्ण वर येऊ शकतो. काढलेलं पाणी क्लोरीन उतरल्यावर झाडांना जाऊ शकते. मोरचूद टाकलेलं असेल तर मात्र बागेत सोडू नका.

आता शेवाळ मारायची गोष्ट. पुलात किती लिटर आहे ते काढा, सहा मीटर लांब, तीन रुंद अन् सरासरी १.२ खोल म्हणजे २१.६ घनमीटर, साधारण साडेएकवीस हजार लिटर. बऱ्याच जणांना हा आकडाच माहीत नसतो अन् मग डोस अंदाजे चार मग. आधी पीएच ७.२ च्या आसपास आणा. बोअरच्या पाण्यात अल्कलिनिटी जास्त असते, पीएच वरवर जाते, त्यामुळं ॲसिड लागेलच. पातळ करून, थोडं-थोडं, पंप चालू ठेवून. हे आधीच करायचं, कारण क्लोरीन एकदा दहाच्या वर गेलं की पीएचचा किट खोटं वाचन देतो, उगीच जास्त दाखवतो अन् माणूस ॲसिड ओतत बसतो. ॲसिड अन् क्लोरीन एका मगात, एका बादलीत, एकामागे एक लगेच, कधीच नाही, जो वायू निघतो तो फुफ्फुसं जाळतो.

शॉकची पातळी सायन्युरिकच्या ४० टक्के ठेवायची. सायन्युरिक ४० असेल तर १६ पीपीएम. २० हजार लिटरला १ पीपीएम चढवायला १० टक्क्यांचा हायपो २०० मिली लागतो, तर १६ साठी ३.२ लिटर. आता नागपूरची खासियत ऐका, हायपो उन्हानं मरतो. दुकानाच्या टिनाच्या शेडमध्ये मे महिन्यात पडून असलेल्या कॅनवर १० लिहिलेलं असते पण आत तेवढं उरलेलं नसते, म्हणून मोजून टाका, अर्ध्या तासानं टेस्ट करा, कमी पडलं तर अजून टाका. ताजी कॅन घ्या, घरी सावलीत थंड जागी ठेवा अन् महिन्याचा साठा करू नका. ब्लीचिंग पावडर पण चालते, स्वस्त आहे, पण तिचा चुना खाली बसतो अन् आपलं पाणी आधीच जड, टाइल्सवर पांढरं चढते. अन् टीसीसीए अन् ब्लीचिंग पावडर किंवा कॅल्शियमवालं क्लोरीन हे कोरडे एकमेकांना लागू देऊ नका, एकच मग दोन्हीत वापरला तरी आग लागू शकते. मदतीला येणाऱ्या माणसाला हे समोर उभं राहून सांगा, डब्यावरचं इंग्रजी तो वाचत बसणार नाही.

टाकायचं संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. पंप चालूच ठेवायचा, रात्रभर पण. अन् ब्रश मारायचा, सगळीकडं, रोज. ब्रशचं काम लोक टाळतात कारण कंबर दुखते, पण भिंतीवरचं शेवाळ बुळबुळीत थराखाली बसलेलं असते, कूलरच्या टाकीत हात फिरवला की जसं लागते तसंच, त्या थराच्या आत क्लोरीन घुसत नाही. थर फोडून द्यावा लागतो. शिडी काढता येत असेल तर काढा, लाईटच्या मागची खाच पाहा, स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या खिडकीच्या) झाकणाखाली पाहा. ओव्हरफ्लोवाला पूल असेल तर बॅलन्सिंग टँक (काठावरून सांडलेलं पाणी जमा होते ती टाकी) उघडा, तिथं किती वर्षं कोणी डोकावलं नसते, भिंती चिकट असतात अन् पूर्ण पुलाचं पाणी तिथूनच फिरते.

दुसऱ्या दिवशी पाणी हिरव्याचं राखाडी किंवा दुधाळ निळं होईल. मेलेलं शेवाळ आहे ते. अन् इथंच सगळे थांबतात! तळ दिसू लागला की पोरं ओरडतात, कोणाच्या तरी घरी पाहुणे आलेले असतात, मग शॉक बंद, टॅबलेट परत डबीत, अन् उरलेलं शेवाळ आरामात पुन्हा वाढते. थांबायचं कधी ते डोळ्यानं ठरवू नका. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजा, सकाळी सूर्य उगवायच्या आधी परत मोजा. रात्री ऊन नसते, पोहणारं कोणी नसते, मग क्लोरीन कमी झालं तर ते पाण्यातल्या कशानं तरी खाल्लं. रात्रभरात १ पीपीएमपेक्षा जास्त उतरलं तर शेवाळ जिवंत आहे, शॉक चालू ठेवा. १ च्या आत उतरलं, टोटल अन् फ्री यातला फरक अर्धा पीपीएम किंवा कमी आहे अन् तळाची स्क्रूसुद्धा साफ दिसते, तिन्ही जमलं की मग थांबा. कधी तीन दिवस लागतात, कधी आठवडा. तोवर कोणाला उतरू देऊ नका, गढूळ पाण्यात बुडणारं पोर वरून दिसत नाही.

दुधाळपणा जात नसेल तर तुरटी चालते, पण शेवाळ मेल्यावरच. २० हजार लिटरला साधारण अर्धा किलो बादलीत विरघळवून सगळीकडं फिरवा, थोडा वेळ मल्टीपोर्ट (फिल्टरवरचा पाण्याची दिशा बदलायचा वॉल्व्ह) रीसर्क्युलेटवर, म्हणजे फिल्टर टाळून, ठेवून पंप चालवा, मग रात्रभर बंद. सकाळी तळाला जो गाळ बसतो तो व्हॅक्यूमनं सरळ वेस्टवर, म्हणजे पुलाबाहेर, काढा. फिल्टरवर घेतला की वाळू जाम होते नाही तर तो गाळ रिटर्नमधून पुन्हा पुलात येतो. नंतर पीएच पाहून घ्या, तुरटीनं खाली येते.

फिल्टरबद्दल आलंच तर, स्वच्छ असताना गेजवर जो दाब असतो तो खडूनं लिहून ठेवा, त्याच्यावर ८-१० पीएसआय चढला की बॅकवॉश, अन् बॅकवॉशनंतर रिन्स विसरायचं नाही. शॉकच्या दिवसांत हे रोज करावं लागू शकते. दाब कधीच चढत नसेल अन् पाणी कायम धुरकट असेल तर आतल्या वाळूत पाण्यानं रस्ता केला आहे किंवा मल्टीपोर्टची आतली गॅस्केट गेली आहे, घाण पाणी फिल्टर न होताच परत जाऊन राहिलं. झाकण उघडून पाहायचं काम आहे, तासाभराचं.

वर सांगितलं सगळं साध्या हिरव्या शेवाळाचं. पिवळं, मातकट असते ते जास्त चिवट. सावलीच्या भिंतीवर धुळीसारखं बसते, ब्रश मारला की उडते, दुसऱ्या दिवशी तिथंच. त्याच्यासाठी हिरवं मेल्यावर सुद्धा शॉकच्या वरचं क्लोरीन एक दिवस धरा अन् ब्रश, फुगे, पोरांची खेळणी, पोहायचे कपडे सगळं धुवा, नाही तर तिथून परत येते. काळे ठिपके, हाताला कडक, सिमेंटच्या फटीत किंवा ग्राऊटमध्ये, ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे शेवाळासारखे वाढणारे जिवाणू. वरून कवच असते. सिमेंट-टाइल्सच्या पुलात तारेच्या ब्रशनं वरचं कवच फोडावं लागते, मग त्या जागी हातमोजे घालून टीसीसीएची टॅबलेट घासायची, टॅबलेटचा एवढाच एक उपयोग मला मनापासून पटतो. फायबर किंवा लायनरच्या पुलात हे दोन्ही करू नका, डाग पडेल. ग्राऊट पोकळ झाली असेल तर ती नव्यानं भरल्याशिवाय काळं जात नाही.

मोरचुदाचं काय, हा प्रश्न येणारच. काम करते, नाही म्हणत नाही. पण २० हजार लिटरमध्ये १०० ग्रॅम टाकलं तरी तांबं सव्वा पीपीएमच्या आसपास जाते, पुलाला त्याच्या पाव हिश्श्याच्या वर नको, अन् आपल्याकडे तर मुठीनं टाकतात. आपल्या जड, जास्त पीएचच्या पाण्यात ते टाइल्सवर निळे-काळे डाग होऊन बसते, अन् आजोबांचे पांढरे केस हिरवट होतात ते वेगळंच. फॉस्फेट रिमूव्हर भल्लं महाग मिळते, क्लोरीन बरोबर धरलं असेल तर त्याची गरज पडत नाही.

खताकडं मात्र लक्ष द्या. काटोल-कळमेश्वरकडं संत्र्याच्या बागेला लागून पूल असतात, घरी लॉन असते, पावसाच्या आधी डीएपी-युरिया टाकलेलं असते अन् पहिल्या सरीचं पाणी उतारानं पुलात. डीएपीमध्ये नायट्रोजन पण आहे अन् फॉस्फेट पण, एक क्लोरीन खाते अन् दुसरं शेवाळाला खाऊ घालते. पुलाच्या काठाला दोन इंचाची पाळ किंवा नाली असली तर अर्धं काम होते. धुळवडीला रंग लावून पुलात उड्या मारणाऱ्यांना पण आधी नळाखाली उभं करा.

हिवाळ्यात पंप पूर्ण बंद ठेवून मार्चमध्ये उघडणाऱ्यांना अजून एक गोष्ट दिसू शकते, क्लोरीन टाकलं अन् अर्ध्या तासात शून्य. पडून असलेल्या पाण्यात बॅक्टेरिया सायन्युरिकचं अमोनिया करून टाकतात. तेव्हा ४० टक्क्यांच्या हिशोबात अडकू नका, थोडं पाणी बदला अन् १०-१० पीपीएम टाकत राहा, क्लोरीन टिकायला लागेपर्यंत. म्हणून थंडीत पण दिवसाला दोन-तीन तास पंप चालवलेला बरा, डिसेंबर-जानेवारीत शेवाळ हळू वाढते, क्लोरीन पण कमी लागते.

रोजचं म्हणाल तर हायपोवर या. सायन्युरिक ४० असताना फ्री क्लोरीन ५ च्या आसपास ठेवा, ३ च्या खाली जाऊ देऊ नका. रोज संध्याकाळी मोजून टाकायचं, उन्हाळ्यात २० हजार लिटरला ६०० मिलीच्या आसपास जाते. पंप एप्रिल-मे मध्ये आठ तास तरी पायजे, सोलर असेल तर दिवसाच चालवा. टॅबलेट फक्त बाहेरगावी जाताना वापरा, चार-सहा दिवसांपुरती, अन् जूनमध्ये पाऊस लागला की सायन्युरिक परत मोजा, पुलात पडणारं पावसाचं पाणी वरून वाहू दिलं तर ते थोडं फुकटात उतरते.